छेदस्थानी कोण?

दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला आजाराचा अंश दिसतो, छेद दिसत नाही. आज चाळीस खोकणारी मुले आली आणि त्यांतल्या तिघांना न्यूमोनिया होता, एवढे तो सांगू शकतो. पंचक्रोशीत मुले एकूण किती, त्यांतली आजारी किती पडली, दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचलीच नाहीत ती किती आणि पुढे त्यांचे काय झाले, हे त्याच्या केसपेपरवर कुठेच नसते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपले वैद्यकीय शिक्षण दारात आलेल्या रुग्णाभोवतीच बांधलेले आहे. जागतिक आरोग्य या विषयातली पदव्युत्तर पदवी, मग ती एमपीएच म्हणून मिळो की एमएस्सी म्हणून, सर्वांत आधी अपूर्णांकाच्या रेषेखाली बघायला शिकवते.

या वाटेने निघू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे पुस्तक आहे. अर्ज, शिफारसपत्रे, शिष्यवृत्त्या, व्हिसा, राहण्याची सोय या सगळ्यांची माहिती पुढच्या प्रकरणांत आहे. ती माहिती उपयोगाची आहे आणि मराठीत एका जागी मिळत नव्हती. प्रस्तावनेत मला त्याहीआधीच्या प्रश्नाबद्दल लिहायचे आहे: ही पदवी कशासाठी घ्यायची? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मराठी वाचकाला लांब जावे लागत नाही. जामखेड आणि गडचिरोली ही दोन नावे पुरेशी आहेत.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. शिक्षण संपवून ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करू लागले. बरा करून घरी पाठवलेला रुग्ण काही दिवसांनी त्याच आजाराने परत येतो, हे तिथे त्यांच्या लक्षात आले. आजार पाण्यात होता, उपासमारीत होता, जातीमुळे विहिरीपासून लांब ठेवलेल्या वस्तीत होता. कितीही चांगली शस्त्रक्रिया केली तरी तिथवर हात पोचत नव्हता. ही अस्वस्थता घेऊन ते अमेरिकेत गेले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथे त्यांना कार्ल टेलर भेटले. मसुरीजवळच्या लंढौरला जन्मलेल्या आणि पंजाबातल्या नारंगवाल इथे खेड्यांत संशोधन केलेल्या टेलर यांनी हॉपकिन्समध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभा केला होता. १९७० साली आरोळे दांपत्य परतले आणि जामखेडसारख्या कायम दुष्काळी तालुक्यात त्यांनी काम सुरू केले.

या कहाणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग यानंतरचा आहे. त्यांची सुरुवातीची योजना प्रशिक्षित परिचारिकांवर उभी होती. परिचारिका गावात राहायला तयार होईनात आणि गावालाही त्या आपल्या वाटेनात. मग गावातूनच बाई निवडायची कल्पना पुढे आली. निवडल्या गेलेल्या बायकांत कित्येक दलित होत्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि गावात परतून बाळंतपणे, जुलाब, कुष्ठरोग, मुलांची वजने असे सगळे सांभाळत. काम सुरू झाले तेव्हा या भागात दर हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या दोन दशकांत हा आकडा कित्येक पटींनी खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवेच्या अनुभवांचे जे पुस्तक काढले, त्यात जामखेडवर एक प्रकरण आहे. तीन वर्षांनी आल्मा-आत्याच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा जामखेडसारखे मोजके प्रयोग जगासमोर होते. बाल्टिमोरमध्ये शिकलेली पद्धत जामखेडच्या बायकांनी वाकवून घेतली आणि ती वाकलेली पद्धत जगाने उचलली. ज्ञान एका दिशेने वाहते, असे मानून परदेशी निघालेल्या प्रत्येकाने हे आधी वाचावे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले, चौदाएक वर्षांनी. जाण्याआधीच त्यांचा प्रश्न ठरलेला होता. वर्धा जिल्ह्यात काम करताना अभय बंग यांनी शेतमजुरांचे किमान वेतन ठरवणाऱ्या सरकारी हिशोबाची चिरफाड केली होती. मजुराला लागणारे उष्मांक कसे कमी धरले आहेत, हे त्यांनी दाखवून दिले होते. आकड्यांत अन्याय कसा लपतो आणि आकड्यांनीच तो उघडा कसा पाडता येतो, हे त्यांना तेव्हाच कळले होते. कमी होते ते पद्धतशीर शिक्षण. १९८४ साली ते घेऊन दोघे परतले आणि राज्याच्या पार टोकाला, गडचिरोलीत, त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली.

राणी बंग यांचा पहिला मोठा अभ्यास अवघ्या दोन गावांचा आहे. तो १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. स्त्रीरोगांविषयी तोवर जे काही लिहिले गेले होते ते रुग्णालयात आलेल्या बायकांवरून. म्हणजे पुन्हा अंशावरून. राणीताईंनी गावातल्या सगळ्या बायकांना, त्रास असो वा नसो, तपासायचे ठरवले. ६५० बायका तपासल्या. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना एक वा अनेक स्त्रीरोग निघाले आणि याआधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. तोवर साऱ्या जगाचे आरोग्यखाते खेड्यातल्या बाईकडे कुटुंबनियोजनाचे लक्ष्य म्हणून पाहत होते. १९९४ च्या कैरोच्या लोकसंख्या परिषदेत ते धोरण बाईच्या स्वतःच्या आरोग्याकडे वळले, त्यामागच्या पुराव्यांत या दोन गावांचा वाटा होता. संशोधनाला फार मोठा पसारा लागतो, असे म्हणणाऱ्यांना मी हा निबंध वाचायला देतो. लागले ते एवढेच: योग्य छेद, आणि बायकांनी विश्वासाने तपासणीच्या खोलीत यावे इतकी जवळीक. यांतली पहिली गोष्ट विद्यापीठात शिकता येते.

नंतर आला नवजात बाळांचा प्रश्न. गडचिरोलीच्या खेड्यांत बाळंतपणे घरी होत आणि आजारी बाळाला रुग्णालयात न्यावे म्हटले तर ना वाहन, ना पैसा, ना बाळंतिणीने घराबाहेर पडण्याची रीत. 'सर्च'ने गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले. बाळाचे वजन घेणे, ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला पिशवी-मुखवट्याने श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, ही सगळी कामे त्या करू लागल्या. त्याआधी न्यूमोनियाच्या कामात मोजणी न येणाऱ्या सुइणींसाठी 'सर्च'ने एक साधन बनवले होते. त्यात वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि मिनिट संपण्याआधी लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. जगातल्या उत्तमोत्तम विद्यापीठांत शिकवले जाणारे निदानाचे निकष या मण्यांत उतरले होते. ज्यांना या क्षेत्रात यायचे आहे त्यांनी 'ट्रान्सलेशनल रिसर्च' हा भारदस्त विषय शिकताना हे साधन डोळ्यांपुढे ठेवावे.

प्रयोग ३९ गावांत झाला आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. १९९९ च्या डिसेंबरात तो निबंध 'लॅन्सेट'ने छापला. आज देशभरातल्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला बघतात, ती २०११ पासूनची राष्ट्रीय योजना या प्रयोगातून निघाली. मधल्या काळात, २००१ साली, 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. महाराष्ट्रात सरकारी कागदावर नोंदले जातात त्याहून कितीतरी अधिक बालमृत्यू प्रत्यक्षात होतात, हे त्याने दाखवून दिले. त्या अहवालाने विधिमंडळात खळबळ उडवली. बाळ मेले ते एकदा घरात, आणि दुसऱ्यांदा नोंदवहीत न लिहिल्यामुळे. हा दुसरा मृत्यू थांबवण्याचे शास्त्र म्हणजे साथरोगशास्त्र, आणि म्हणूनच मी या विषयाच्या प्रेमात आहे.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पदवीवाचून हे काम होत नाही असे मुळीच नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याकडे हॉपकिन्सची पदवी नव्हती. रायगड जिल्ह्यात, महाडच्या परिसरात विंचूदंशाने माणसे डोळ्यांसमोर मरत होती. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणे टिपली आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध या विषावर कसे चालते ते दाखवून दिले. त्यांचे निष्कर्षही 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि लाल विंचवाच्या दंशाने मरणाऱ्यांचे प्रमाण पार खाली आले. पदवी वेळ वाचवते, भाषा देते, सोबती देते. बघण्याची चिकाटी ती देऊ शकत नाही, आणि चिकाटी नसलेल्याच्या हाती तिचे कागदापलीकडे काही होत नाही.

जागतिक आरोग्य हा विषय आज आपल्याला उदात्त वाटतो. पण त्याचा जन्म उदात्त हेतूने झालेला नाही, हेही विद्यार्थ्याने समजून घेतले पाहिजे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्याच वर्षी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यापुढचा मुख्य प्रश्न मांडवीतल्या चाळींचा नव्हता. मुंबईहून निघालेली जहाजे प्लेग युरोपात आणतील का आणि तो रोखताना व्यापार किती अडवायचा, हा होता. त्याच वर्षी हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. आणि त्याच वर्षी पुण्यात, घराघरांत सोल्जर घुसवून चालवलेल्या प्लेगबंदोबस्ताचा शेवट प्लेग-अधिकारी रँडच्या खुनात झाला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाचे एक अख्खे सत्र या एका वर्षावर घेता येईल. शास्त्र होते, धैर्य होते, सेवा होती, आणि लोकांचा विश्वास गमावला की यातले काहीच पुरत नाही याचा धडाही होता.

लिव्हरपूलची उष्णकटिबंधीय वैद्यकाची शाळा १८९८ सालची, लंडनची १८९९ सालची. वसाहतींत जाणारे अधिकारी, सैनिक आणि व्यापारी जगावेत हा त्यांचा पहिला हेतू. आज त्याच संस्थांच्या वर्गांत नायजेरिया, नेपाळ आणि नांदेडची मुले शेजारी बसतात, ही मोठी गोष्ट आहे. पण जुना कल पुरता गेलेला नाही. माहिती इथल्या आशाताईंनी गोळा करायची, रक्ताचे नमुने इथल्या मुलांनी द्यायचे आणि निबंधावर पहिले नाव दूरच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाचे लागायचे, हे अजून चालते. विद्यार्थ्यांनी वर्गात हा प्रश्न उभा करावा. करतातही, आणि आता त्याला उत्तर द्यावे लागते.

औषधे आणि लसी यांच्या बाबतीत महाराष्ट्राने जगाला जे दिले, त्याची आपल्यालाच पुरेशी जाण नाही. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या 'सिप्ला'ने एचआयव्हीवरची तीन औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तोवर श्रीमंत देशांत हाच उपचार वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पडत होता आणि आफ्रिकेत माणसे उपचाराविना मरत होती. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाच्या घटकापेक्षा ते बनवण्याच्या कृतीलाच संरक्षण दिले होते, म्हणून हे शक्य झाले. आरोग्य शिकणाऱ्याने कायदा आणि व्यापार का शिकायचा, याचे यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या पट्ट्यासाठी बनवलेली लस हे दुसरे उदाहरण. १९९६-९७ च्या साथीत तिथे सुमारे अडीच लाख लोक आजारी पडले आणि पंचवीस हजार दगावले. बड्या कंपन्यांना त्या बाजारात रस नव्हता. अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीत लस हवी, ही त्या देशांची अट पुण्यात पुरी झाली आणि २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोमध्ये लसीकरण सुरू झाले. 'अ' गटाच्या जंतूची साथ त्यानंतर तिथे जवळजवळ नाहीशीच झाली.

अभ्यासक्रमाबद्दल थोडक्यात. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्य अर्थशास्त्र, आरोग्यव्यवस्था, मुलाखती आणि निरीक्षणांवर आधारलेले गुणात्मक संशोधन, नीतिशास्त्र आणि शेवटी प्रबंध, असा सगळीकडचा साधारण साचा असतो. ब्रिटनमध्ये हे एका वर्षात आटोपते, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दोन वर्षे लागतात. एमबीबीएस असण्याची अट क्वचितच असते. बीएएमएस, बीडीएस, परिचारिका, समाजकार्य, अर्थशास्त्र, स्थापत्य अभियांत्रिकी अशा सगळ्या वाटांनी मुले येतात, आणि सांडपाणी समजणारा अभियंता वर्गात असला की डॉक्टरांचेही शिक्षण होते. मात्र एक गैरसमज आताच दूर करतो. परदेशातल्या एमपीएचने तिथे रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. भारतात वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्यासाठी लागणाऱ्या एमडी पीएसएमची (प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यक) जागाही ती घेत नाही. हे न सांगता प्रवेश मिळवून देणारे दलाल शहरोशहरी बसलेले आहेत.

पैशाचे बोलायलाच हवे, कारण ध्येयवादाचा गळा इथेच आवळला जातो. ब्रिटनमधल्या नावाजलेल्या संस्थेत फी आणि राहणीखर्च मिळून चाळीस लाखांच्या पुढे जातात. एवढे कर्ज काढलेल्या मुलीने परतून मेळघाटातल्या संस्थेत काम करावे असे म्हणणे सोपे आहे. बँकेचा हप्ता त्या पगारातून फिटत नाही. आपल्या तरुणांत सेवाभाव उरला नाही अशी तक्रार करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी हा हिशोब मांडून बघावा. म्हणून शिष्यवृत्तीवाचून जाऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगतो. चेव्हनिंग आहे, कॉमनवेल्थ आहे, फुलब्राइट-नेहरू आहे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, १८९२ पासून चालत आलेला जे. एन. टाटा निधी आहे. एका वर्षी मिळाली नाही तर ते वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा एखाद्या संस्थेत काढा. त्या वर्षाने पुढचा अर्जही सुधारतो आणि प्रश्नही.

आणि परदेशी जायलाच हवे असे कुठे आहे? मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुणे विद्यापीठाचे आरोग्यशास्त्र संकुल, दिल्लीत जेएनयूचे सामाजिक वैद्यक केंद्र, तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र या ठिकाणांहून या देशातले उत्तम आरोग्य-विचारक निघाले आहेत. आपली आरोग्यव्यवस्था समजून घ्यायची असेल तर मी आधी यांचीच नावे घेईन. इतर देशांचे अनुभव, इतर देशांचे सहाध्यायी आणि एखादी खास पद्धत हवी असेल तेव्हा बाहेर जाण्याला अर्थ येतो.

२०२५ या वर्षाने हिशोब आणखी बदलला. जानेवारीत अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला, जुलैत यूएसएड ही तिची परदेशी मदतसंस्था संपली आणि ब्रिटननेही परदेशी मदतीला कात्री लावली. जिनिव्हा आणि वॉशिंग्टनमधल्या ज्या नोकऱ्यांकडे डोळे लावून मुले या अभ्यासक्रमांना जात, त्या आटल्या आहेत. आफ्रिकेतल्या दवाखान्यांत एचआयव्हीच्या औषधांची साखळी तुटली, हे दुःख तर त्याहून मोठे. पण ज्याचा प्रश्न स्वतःच्या जिल्ह्यातला आहे, त्याचे काम वॉशिंग्टनच्या एका सहीने संपत नाही. राज्य सरकारे, महापालिका आणि इथल्या संस्था यांनाच आता ही माणसे आपल्या पैशाने नेमावी लागतील, आणि त्यांनी ती नेमावीत यासाठी आपण भांडले पाहिजे.

प्रश्नांची वाण नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला आणि राज्याने समिती नेमली. त्या बायका वर्षातले निम्मे महिने कारखान्याच्या फडावर असतात आणि निम्मे गावी. त्यांची गरोदरपणाची नोंद कोणत्या उपकेंद्रात, त्यांच्या मुलांची लस कोणत्या यादीत, त्यांचा अपघात कोणाच्या हद्दीत? सर्पदंशाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले, पण भाताच्या खाचरात साप चावून वाटेतच गेलेला माणूस अजूनही अनेकदा कोणत्याच रुग्णालयाच्या आकड्यात येत नाही. उन्हाळ्यात विदर्भात बांधकामावर कोसळलेला मजूर उष्माघाताने गेला की हृदयविकाराने, हे दाखल्यावर काय लिहिले त्यावर ठरते. यांपैकी कोणताही एक विषय प्रबंधाला पुरून उरेल.

असा प्रबंध इंग्रजीत लिहावा लागेल. तो लिहून झाला की त्याचा दोन पानी मराठी गोषवारा करा आणि ज्या गावांतून माहिती घेतली तिथल्या ग्रामसभेत वाचा, असा माझा आग्रह असतो. तिथे परीक्षकांपेक्षा अवघड प्रश्न विचारले जातात आणि निष्कर्षांतल्या चुकाही तिथेच सापडतात. अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकात यासाठी वेळ धरलेला नसतो. म्हणून संशोधनाचा आराखडा मंजुरीला पाठवतानाच त्यात परतीच्या त्या भेटीचे दिवस आणि प्रवासखर्च लिहून मागा. नीतिसमितीला त्यामागचे कारण सांगितले तर ती सहसा नाही म्हणत नाही.